डालग्याखालचा सरदार

आंबेखोल नावाच्या एका गावात, इठाबाईच्या अंगणात, नऊ कोंबड्या होत्या आणि कोंबडा एकही नव्हता. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अंडी तर कोंबड्या कोंबड्याशिवायही घालतात. घालतात, खरं आहे. पण त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. पिल्लं नाहीत म्हणजे चार-पाच वर्षांत कोंबड्याही नाहीत. आणि कोंबड्यांशिवाय इठाबाईचं अंगण, ही कल्पना गावात कुणालाच करवत नव्हती.

आधी एक कोंबडा होता. म्हातारा होता, पण शहाणा होता. दिवाळी झाली आणि एका सकाळी ओढ्यापलीकडच्या सावरीच्या झाडावरून मोरघार उतरली. मोरघार म्हणजे साध्या घारीहून मोठी, डोक्यावर शेंडी असलेली शिकारी घार. म्हाताऱ्यानं सगळ्या कोंबड्यांना ओरडून कुंपणात घुसवलं आणि स्वतः मागे राहिला. नंतर अंगणात त्याची दोन पिसं तेवढी सापडली.

तेव्हापासून सगळा कारभार कवडीकडे आला. कवडी ही सगळ्यांत थोरली कोंबडी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि शिस्त भलतीच कडक. खुराड्यात कुणी कुठे बसायचं, दाणे टाकले की आधी कुणी पुढे व्हायचं, मग कुणी, हे सगळं ती ठरवायची. कुणी नियम मोडला की टाळक्यात एक टोच बसायचीच. दाण्यांवर सगळ्या तुटून पडल्या की कवडी मात्र मान ताठ करून मध्ये उभी राहायची. शेजारपाजारचे म्हणायचे, "काय तोरा आहे बघा!" तिची ही ताठ मान लक्षात ठेवा बरं का. पुढे लागणार आहे.

तर अशा या अंगणात एका गुरुवारी इठाबाईचा भाऊ एसटीतून उतरला, आणि त्याच्या काखेत कोंबडा होता!

आणि कोंबडा तरी कसा! तुरा लालभडक, मानेवर सोन्यासारखी पिसं, पाठ तांबडी, आणि शेपटी? शेपटी हातभर लांब, काळी, पण उन्हात धरली की हिरवी दिसणारी. त्यानं एसटीतच एकदा बांग दिली होती, तेव्हा कंडक्टरच्या हातातून तिकिटं पडली होती म्हणे. इठाबाईच्या नवऱ्याचं नाव गेनबा. गेनबा मोठा हौशी माणूस. त्यानं कोंबडा बघितला मात्र, आणि मेव्हण्याला पाणी विचारायच्या आधी त्याचं नाव ठेवून टाकलं, सरदार.

"आवं, ऐका," इठाबाई म्हणाली. "त्याला लगीच मोकळा करायचा न्हाई. आमच्या म्हायेरची रीत हाय. नवा कोंबडा आठ दिस डालग्याखाली. अंगणाच्या मधी डालगं, आन् कोंबड्यांचं दानं त्याच्या भवती. आधी बघू द्यायचं, मग फिरू द्यायचं."

"आठ दिस!" गेनबा जवळजवळ ओरडलाच. "अगं, गाव जमंल आता बघायला!"

"गावाला फटीतनं बघू द्या," इठाबाई म्हणाली.

तिनं सरदारला अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि वर डालगं उपडं घातलं. डालगं म्हणजे बांबूच्या कामट्यांचं मोठं टोपलं. त्यावर तिनं एक दगड ठेवला, धुण्याची बादली उचलली आणि ओढ्यावर निघून गेली.

गाव जमलंच. कुंपणाला रांग लागली. सगळ्यांत पुढे शेजारची चिमाआत्या. तिच्या तोंडाला आंबेखोलमध्ये भले भले घाबरत. तिनं डालग्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"गेनबा, ह्योच का तुझा सरदार? मला तर नुस्ती शेपूट दिसतीया. मेव्हन्यानं शेपूटच आनली व्हय रं? कोंबडा मागनं येनाराय?"

सगळे खो खो हसले. गेनबाला ते झोंबलं. त्याची हौस आधीच गळ्यापर्यंत आलेली, त्यात हे हसणं. त्यानं एकदा ओढ्याकडे बघितलं. इठाबाई दिसत नव्हती. त्यानं दगड काढला, डालगं उचललं, आणि बाजरीची मूठ अंगणात उधळून म्हणाला, "बघा! डोळं भरून बघा!"

सरदार बाहेर आला. अंग झाडलं, पंख फडफडवले आणि अशी खणखणीत बांग दिली की कुंपणावरचे कावळे उडाले. "वा!" लोक म्हणाले. गेनबाची छाती फुगली.

सरदार ज्या घरून आला होता, तिथे तो दिसला की कोंबड्या बाजूला सरत. दाणा पडला की पहिली चोच त्याची. सगळ्या जगात असंच असतं, अशी त्याची पक्की समजूत होती. तो तडक बाजरीकडे गेला. आठ कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि मध्ये कवडी उभी होती, मान ताठ करून. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

'ही मला बघतही नाही? मला?' सरदारला वाटलं. त्यानं खांद्यानं तिला धक्का दिला, ती कलंडली, आणि तिच्या पायाशी पडलेला दाणा त्यानं गट्ट केला.

आणि मग जे झालं ते बघायला डोळे कमी पडले! आठही कोंबड्यांनी माना वर केल्या. कवडी उठली. मग "कॉक्!" असा एकच आवाज झाला आणि नऊच्या नऊ कोंबड्या त्याच्यावर तुटून पडल्या. कुणी तुरा धरला, कुणी मान, कुणी पाठीवरच चढली. धूळ उडाली, पिसं उडाली, पाण्याचं भांडं उपडं झालं. सरदार इकडे पळाला, तिकडे पळाला, गेनबाच्या दोन पायांमधून पळाला, आणि शेवटी कसाबसा उडी मारून घराच्या कौलांवर जाऊन बसला. तुऱ्यातून रक्त येत होतं. तो इतका थरथरत होता की कौल खडखड वाजत होतं.

"सरदार गडावर गेला गं बाई!" चिमाआत्या ओरडली, आणि कुंपणाबाहेरची सगळी रांग पोट धरून हसली.

गेनबाचं गावादेखत नाक कापलं गेलं. हौशी माणसाचं असंच असतं. आनंद चटकन चढतो, आणि रागही तसाच. "पुढच्या शुक्रवारी देवीची जत्रा हाय," तो दात-ओठ खात म्हणाला. "ह्येचा रस्साच करतो!"

तेवढ्यात इठाबाई आली. तिनं अंगण बघितलं, कौलावरचा कोंबडा बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं. काही विचारायची गरजच पडली नाही. तिनं शिडी लावून सरदारला खाली आणलं आणि त्याच्या तुऱ्याला हळद लावली.

"चूक त्याची न्हाई," ती म्हणाली. "त्याला कुनी सांगितलंच न्हाई, ह्ये घर कसं चालतंय त्ये."

"मला काय बी सांगू नगंस. शुक्रवारी त्यो कापायचा म्हंजे कापायचा."

इठाबाईनं जरा विचार केला. "बरं. जत्रंला आठ दिस हायेत. तवर त्यो डालग्याखाली ऱ्हाईल. शुक्रवारी सगळ्यांम्होरं डालगं उचलू. नांदला तर ठिवायचा. न्हाई नांदला तर मसाला मी सोता वाटून दीन. पर त्येच्या आधी डालग्याला हात लावायचा न्हाई."

"दिला शब्द," गेनबा म्हणाला.

"मी बी दिला," इठाबाई म्हणाली. दोघंही शब्दाला पक्के, हे गावाला माहीत होतं.

पहिले दोन दिवस सरदारनं डालग्याखाली नुसता थयथयाट केला. बांगांवर बांगा दिल्या. कामट्यांवर पंख आपटले. कोंबड्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. इठाबाईनं दाणे डालग्यापासून दहा हातांवर टाकले, तरी त्या आणखी लांबून फेरा घालून जायच्या.

"मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हांला?" सरदार आतून ओरडला.

"ठाऊक आहे," कवडी म्हणाली. "शुक्रवारचा रस्सा."

गेनबा कौलांखाली काय बोलत होता ते त्याला भीतीमुळे धड ऐकू आलं नव्हतं. आता सगळं कळलं. त्या दिवशी त्यानं पुन्हा बांग दिली नाही. तो एका कडेला अंग चोरून बसला. खरं सांगतो, मला त्याची फार दया येते. परक्या गावात, फाटक्या तुऱ्यानं, टोपल्याखाली बसून स्वतःचे दिवस मोजायचे, म्हणजे काय चेष्टा आहे?

पण डालग्याची एक गंमत असते. आत बसल्यावर ओरडून काही होत नाही, पळता येत नाही, भांडताही येत नाही. मग एकच काम उरतं. बघत बसायचं! सरदार बघू लागला.

कोण आधी खातं, कोण मग, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. एक लंगडी कोंबडी मागे राहते आणि तिच्यासाठी जागा कोण करून देतं, हेही कळलं. पण एक गोष्ट कळेना. ती ठिपकेवाली थोरली खात का नाही? दाणे पडले की ती मान ताठ करून उभी. सगळ्यांचं झालं की जमीन उकरून एखादा दाणा मिळाला तर मिळाला. बाकी दिवसभर पुन्हा मान ताठ.

चौथ्या दिवशी इठाबाईनं दाणे आणखी जवळ टाकले. पिवळी नावाची सगळ्यांत लहान कोंबडी टिपता टिपता डालग्यापाशी आली. सरदारनं हळूच विचारलं, "ए, तुमची ती थोरली. एवढा कसला गं गर्व तिला?"

"गर्व?" पिवळी हसली. "अरे, ती वर बघते."

"वर काय आहे?"

पिवळीनं सावरीच्या झाडाकडे चोच केली आणि त्याला मोरघारीची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्या कोंबड्याची सांगितली. "तो होता तेव्हा आम्ही खायचो आणि तो बघायचा. तेव्हा कवडी आमच्यात सगळ्यांत जाड होती, माहितेय? आता ती बघते. आमचं होईपर्यंत दाणे संपलेले असतात."

सरदारला गुरुवारचा तो दाणा आठवला. ज्या कोंबडीला त्यानं धक्का मारून पाडलं, ती त्याचा अपमान करत नव्हती. ती आभाळाकडे बघत होती. आणि जो दाणा त्यानं गिळला, तो कदाचित तिचा त्या दिवसातला एकुलता एक दाणा होता. त्याला इतकी लाज वाटली की कामट्या नसत्या तर तो जमिनीत शिरला असता. तुऱ्याची जखम दुखत होती त्याच्या दसपट हे दुखलं.

पाचव्या दिवशी सकाळी कवडी मान ताठ करून उभी होती. तिचं सहज डालग्याकडे लक्ष गेलं. आत सरदारही मान ताठ करून उभा होता. फटीतून त्याला आभाळ ते किती दिसणार? बोट-बोट रुंदीचे निळे पट्टे. पण तो एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर डोळा फिरवत होता.

"वर काय बघतोस रे?" कवडीनं विचारलं.

"तू बघतेस तेच."

"ते तुझं काम नाही."

"मग कुणाचं आहे?"

कवडीनं मान पुन्हा वर केली. पण सहाव्या दिवशी ती डालग्याच्या दोन पावलं जवळ उभी राहिली. सातव्या दिवशी दाणे अगदी डालग्याला लागून पडले आणि आठही कोंबड्या त्याच्याभोवती गोल करून टिपू लागल्या. एक दाणा घरंगळून आत गेला. सरदारनं तो चोचीनं ढकलून बाहेर लंगडीच्या पुढ्यात सारला. कवडीनं ते बघितलं.

इठाबाईनंही बघितलं. तिनं त्या संध्याकाळी कवडीला उचलून घेतलं आणि तिचा ऊर चाचपला. नुसतं हाड हाताला लागलं. "किती हलकी झालीस गं माझी बाय," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिला खाली ठेवलंच नाही.

आणि शुक्रवार उजाडला!

काय तो दिवस! डोंगरावरच्या देवळात सकाळपासून ढोल घुमत होते. पोरं शिट्ट्या वाजवत पळत होती. इठाबाईनं शब्द दिला होता, म्हणून तिनं खोबरं भाजलं, कांदा भाजला, आणि पाट्यावर मसाला वाटायला घेतला. तो वास अंगणभर पसरला. डालग्याखाली सरदारलाही आला. तो वास कशाचा, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

कुंपणाला पुन्हा रांग लागली. पुन्हा पुढे चिमाआत्या. गेनबा नवा फेटा बांधून आणि धार लावलेला विळा घेऊन उभा राहिला. इठाबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"आज त्याला मी सकाळधरनं उपाशी ठिवलाय," ती म्हणाली. "भरल्या पोटी सगळीच शानी असत्यात. टाका दानं."

तिनं दगड काढला. डालगं उचललं. गेनबानं बाजरीची मूठ उधळली.

सरदार बाहेर आला. पोटात नुसते कावळे ओरडत होते. दाणे त्याच्या नखांपाशी पडले होते, पिवळे, टपोरे. त्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. आणि मग तो वळला, दाण्यांतून पाय उचलत उचलत अंगणाच्या कडेला गेला, तिथल्या जुन्या उखळावर चढला आणि मान ताठ करून उभा राहिला.

बांग नाही. फडफड नाही. काहीच नाही.

"भ्यालंय ते!" गेनबा म्हणाला.

"कोंबड्यांना भिनारा कोंबडा!" चिमाआत्या म्हणाली. "जलमात बघितला नव्हता बाई!" रांगेत हशा पिकला. तेवढ्यात डोंगरावर पालखी निघाल्याचा ढोल वाजला आणि अर्धी रांग तिकडे पळालीसुद्धा. बघण्यासारखं इथे काही उरलं नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

कोंबड्या दाणे टिपत होत्या. मध्ये कवडी उभी होती. अंगणात आज दोन माना ताठ होत्या, हे फक्त इठाबाईच्या ध्यानात आलं.

"दिलेला शब्द," गेनबा म्हणाला आणि विळा घेऊन उखळाकडे निघाला. इठाबाईचे डोळे भरून आले. पण शब्द तिनंही दिला होता. ती हलली नाही.

सरदारला गेनबा येताना दिसला. विळ्याची धार चमकताना दिसली. उखळावरून उडी मारून कुंपणापलीकडे जायला त्याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नसता. पण त्याच वेळी सावरीच्या शेंड्यावरून काहीतरी सुटलं होतं. एक ठिपका. कवडीला तो दिसत नव्हता, कारण त्या बाजूला ऊन होतं आणि ते तिच्या डोळ्यांत जात होतं. सरदार उखळावर सावलीत होता. त्याला दिसत होता. पळायचं तर त्या ठिपक्यावरून डोळा काढावा लागणार होता.

त्यानं डोळा काढला नाही. गेनबाचा हात त्याच्या पंखावर पडला, तरी नाही.

ठिपका मोठा झाला. त्याला पंख फुटले. त्यानं पंख मिटले.

"क्रर्रर्रर्र!" सरदार ओरडला.

ही बांग नव्हती. असा आवाज त्या अंगणात दिवाळीनंतर कुणी ऐकला नव्हता. पण कोंबड्या तो विसरल्या नव्हत्या! कवडी वळली, "आत!" म्हणून किंचाळली, आणि कुंपणाच्या निवडुंगात एकामागून एक कोंबड्या घुसल्या. लंगडीही घुसली. एकटी पिवळी मात्र अंगणाच्या मधोमध तशीच राहिली, चोचीत दाणा, पाय जमिनीला खिळलेले.

वरून सूं सूं आवाज आला. गेनबानं वर बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि हातातला पंख सुटला.

सरदारनं उखळावरून झेप घेतली! पाय पुढे, नखं उघडी, सगळं अंग फुलवून तो पिवळीच्या वर जाऊन पडला, आणि त्याच क्षणी मोरघार त्याच्यावर पडली. धप्प! धुरळ्यात काही दिसेना. पंखांचे फटकारे, किंकाळ्या, एक काळं, एक तांबडं, पुन्हा काळं. विळा एकीकडे, फेटा दुसरीकडे आणि गेनबा पाण्याच्या भांड्यात बसलेला. इठाबाई डालगं घेऊन धावली आणि तिनं ते जिवाच्या आकांतानं मोरघारीवर हाणलं.

मोरघार उडाली. तिच्या पंजांत काहीतरी होतं. काळं, लांब, उन्हात हिरवं दिसणारं.

"गेला!" चिमाआत्या ओरडली, आणि त्या फाटक्या तोंडाच्या बाईला चक्क हुंदका आला. "गेला गं सरदार!"

धुरळा खाली बसला. अंगणात पिवळी उभी होती, चोचीत अजून दाणा धरून. आणि तिच्या शेजारी सरदार उभा होता. सरदारची शेपटी तेवढी गेली होती. एक पीस शिल्लक नव्हतं. मागून तो अगदी सोललेल्या कणसासारखा दिसत होता. पण पायांवर उभा होता, जिवंत!

ओरडावं, नाचावं, बांग द्यावी असा तो क्षण होता. कुणीही दिली असती. सरदारनं आधी आभाळाकडे बघितलं. मोरघार डोंगरापलीकडे गेल्याची खात्री केली. मग तो दाण्यांपाशी आला, एक दाणा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि हाक मारली, "कुक्, कुक्, कुक्."

निवडुंगातून एकेक कोंबडी बाहेर आली. पहिली लंगडी आली. तिनं तो दाणा खाल्ला. सरदारनं दुसरा उचलून ठेवला. मग बाकीच्या आल्या. सगळ्यांत शेवटी कवडी आली. ती दाण्यांच्या मधोमध येऊन थांबली आणि सवयीनं तिची मान वर गेली.

सरदार तोवर पुन्हा उखळावर चढला होता.

"मी आहे," तो म्हणाला. "तू खा."

कवडीनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या फाटक्या तुऱ्याकडे बघितलं, नसलेल्या शेपटीकडे बघितलं. एकदा आभाळाकडे बघितलं. आणि मग, दिवाळीनंतर पहिल्यांदा, भर अंगणात, सगळ्यांमध्ये उभी राहून कवडीनं मान खाली घातली. ती खाऊ लागली. खातच राहिली. तिच्यासाठी बाकीच्या आठजणी दाण्यांवरून मागे सरल्या.

इठाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "जेवली," ती म्हणाली. "जेवली गं माझी बाय."

गेनबा भांड्यातून उठला. त्याच्या धोतरातून पाणी गळत होतं. त्यानं विळा उचलला, तसाच नेऊन आढ्याला खोचला आणि बायकोसमोर येऊन उभा राहिला. "तू आठ दिस म्हनालीस, तवाच ऐकाया पायजे हुतं," तो म्हणाला. आंबेखोलमध्ये हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मी ते मुद्दाम लिहून ठेवतो.

"आन् वाटलेल्या मसाल्याचं काय करायचं?" त्यानं मग हळूच विचारलं.

"मागल्या परड्यात वांगी हायेत," इठाबाई म्हणाली.

चिमाआत्याला गप्प बसवेल तर शपथ. ती कुंपणावरून वाकली, नाक पुसलं आणि ओरडली, "गेनबा! आता शेपूट न्हाई बघ. पर आज कोंबडा दिसला!"

सरदार रोज सगळ्यांच्या शेवटी खातो. पण त्याच्या वाट्याचे दाणे कधी संपत नाहीत, कारण कवडी स्वतः उभी राहून ते राखते. महिन्याभरानं लंगडीच्या अंड्यांतून अकरा पिल्लं निघाली. सरदारची शेपटीही पुन्हा आली, पहिलीपेक्षा जरा आखूड. इठाबाईच्या घरी नवं जनावर आलं की गेनबा आता स्वतः डालगं आणून देतो आणि वरचा दगडही स्वतःच ठेवतो.

तात्पर्य: नव्या घरात पाऊल टाकताना पहिला घास मागू नये. तिथे कोण उपाशी राहून सगळ्यांसाठी जागतंय ते आधी बघावं, आणि त्याला निवांत जेवू द्यावं. आपलं पान मग तेच लोक मांडतात.